सोयाबीनचे तेल : कढईत किती वेळा?

पावसाळा आला की लोणावळ्यात गरम कांदाभजी आणि मक्याची भजी खाण्यासाठी गर्दी होते. मावळातल्या घरांतही भज्यांची कढई चढते. पूर्वी तीत बहुधा शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल असे. आता पुष्कळ घरांत सोयाबीनचे असते. हे तेल आरोग्याला कसे?

ताजे असताना चांगले. त्यात संपृक्त स्निग्धाम्ले सुमारे १५ टक्केच असतात. निम्म्याहून अधिक भाग लिनोलिक आम्लाचा आणि सुमारे ७ टक्के लिनोलेनिक आम्लाचा असतो. ही दोन्ही आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत; ती आहारातूनच घ्यावी लागतात. वनस्पती तुपाऐवजी हे तेल वापरल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते.

मात्र हाच गुण तळणात दोष ठरतो. ही आम्ले उष्णता आणि हवेमुळे लवकर बिघडतात. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की ते काळपट व चिकट होते, फेसाळते, लवकर धुरकटते. त्यात तयार होणारी संयुगे हृदय आणि यकृताला अपायकारक असतात. १ जुलै २०१८ पासून अशा ‘ध्रुवीय’ संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

मग या तेलाचे करायचे काय? त्यावर मिथेनॉल व कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की बायोडिझेल मिळते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यासाठी ‘रुको’ ही योजना सुरू केली. प्रक्रिया न केलेले तेल मात्र ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. ते डिझेलपेक्षा फार घट्ट असल्याने इंजिनातील फवारणी यंत्रणा तुंबते.

गृहिणींनी एवढे पाळावे :

• तळणासाठी बेताचेच तेल घ्यावे. धूर येईपर्यंत तापवू नये.

• उरलेले तेल गाळून, झाकून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत फोडणीत संपवावे. त्यात नवे तेल मिसळून पुन्हा तळू नये.

• बिघडलेले तेल मोरीत ओतू नये.

• तेल कोणतेही असो, एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतातच. तेव्हा हात आखडता ठेवावा.

बाहेर भजी घेताना आधी कढईत डोकवावे. तेल काळे दिसले, तर भाजलेले कणीस घ्यावे!