झोपेत सायकल चालवणारे पाय

फिट म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. माणूस धाडकन पडला, तोंडाला फेस, आणि कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल आणायला धावतंय. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मी ईईजी सिग्नल हा विषय घेतला आणि वाचताना एका वेगळ्याच फिटशी गाठ पडली. हॉस्टेलवाल्यांना तर ती माहीत असायलाच हवी. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!)

कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तो फ्रंटल लोब. हालचाल ठरवणं, सुरू करणं, आवरणं ही त्याची कामं. त्याच्या मागच्या कडेला एक पट्टी असते, तिच्यावर अख्ख्या शरीराचा नकाशा आहे. तिथे फिट सुरू झाली तर आधी अंगठा उडतो, मग हात, मग चेहरा. एकोणिसाव्या शतकात ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने नुसतं हे बघून मेंदूत अशी मांडणी असणार हे ताडलं होतं. पुढे मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डने जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन तो नकाशा काढला, १९३७ साली छापला.

इथपर्यंत ठीक आहे. पण फिट आणखी पुढे किंवा आत सुरू झाली तर जे दिसतं ते फिटसारखं दिसतच नाही. माणूस झोपेतून ताडकन उठतो, दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे फिरवतो, कंबर उडवतो, अंग घुसळतो, किंचाळतो, कधी शिव्याही देतो. साधारण अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं आणि लगेच तो नीट बोलायला लागतो. एका रात्रीत असं अनेकदा होऊ शकतं. कधी एक हात वर ताठ होऊन मान तिकडे वळते, तलवारबाजासारखी. काहींची शुद्ध पूर्ण असते. सगळं ऐकू येतं, नंतर आठवतं, पण त्या वेळी शरीर ताब्यात नसतं.

आता सांगा, बघणारा काय म्हणेल? नाटक. नाहीतर बाहेरची बाधा.

यात ईईजीसुद्धा दगा देतो, आणि मला हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडला मिळणारा सिग्नल काही दहा मायक्रोव्होल्टचा. फ्रंटल लोबचा मोठा हिस्सा दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर किंवा डोळ्यांच्या वर, तळाशी दडलेला. त्यात पेशंट एवढा हलतो की स्नायूंचा नॉइज सिग्नलला गिळून टाकतो. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तरी फिट नव्हती असं सिद्ध होत नाही. सेन्सर चुकीच्या जागी असेल तर रीडिंग शून्य येणारच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डॉक्टरही यात गोंधळले होते. १९८१ साली इटलीत लुगारेसी आणि चिरिन्योत्ता यांनी असे रात्रीचे झटके नोंदवले, तेव्हा हा झोपेचा विकार की फिट हे ठरेना. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इंग्रिड शेफर आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या दाखवला, आणि १९९५ मध्ये त्याचा एक जीनही सापडला. त्यातल्या कित्येकांना त्याआधी वाईट स्वप्नं किंवा मानसिक त्रास असंच सांगितलेलं होतं.

मग ओळखायचं कसं? झटके छोटे, बहुतेक झोपेतून येणारे, आणि मुख्य म्हणजे दर वेळी जवळजवळ सेम टू सेम. मानसिक कारणाने येणारे झटके सहसा जास्त लांबतात आणि दर वेळी बदलतात. (तेही नाटक नसतं बरं का, त्यालाही उपचार लागतात.) नक्की काय ते व्हिडिओ-ईईजी बघून न्यूरॉलॉजिस्टच ठरवणार. बऱ्याच जणांना कार्बामाझेपिनसारख्या गोळीने चांगला फरक पडतो, सगळ्यांना नाही.

पण डॉक्टरांना तो झटका दिसणार कुठे? रात्री तीन वाजता तो फक्त रूम पार्टनरला दिसतो. त्यामुळे घड्याळ बघा, मोबाइलवर शूट करा. सकाळी त्याला सांगा, क्लिप त्याच्याकडे द्या आणि आपल्याकडची डिलीट करा. ती ग्रुपवर गेली तर तो परत कुणाला काही सांगणार नाही. त्याला धरून दाबू नका, तोंडात काही घालू नका, खालचा बेड द्या, आणि सबमिशनच्या आठवड्यात जागरणाला ओढू नका, कारण झोप कमी झाली की फिट वाढतात. झटका पाच मिनिटांवर गेला किंवा शुद्ध न येता लागोपाठ आले, तर रेक्टरसरांना उठवा आणि १०८ लावा.