कुत्र्याचा विमा आणि म्हशीचा विमा



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर एका आजींनी आम्हांला गाठले. त्यांचा नातू बंगळुरूला नोकरीला आहे. त्याने तेथे लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा पाळला असून त्याचा विमा उतरविला आहे. आजींचा प्रश्न सरळ होता. "शहरातल्या कुत्र्याचा विमा होतो, तर आमच्या मोत्याचा का होऊ नये? रात्री रानडुकरं मळ्यात शिरतात तेव्हा आम्ही सगळी झोपलेली असतो, तो एकटा जागा असतो." जवळ उभे असलेले दोघेतिघे हसले. आम्हांला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. संत रॉकच्या मूर्तीपाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कुत्र्याचे उपकार आपल्याला कोणी शिकवायला नकोत. पण उपकार वेगळे आणि विमा वेगळा.

विमा कंपनी सर्वांत आधी विचारते ती किंमत. जनावर मेले तर मालकाचे किती रुपयांचे नुकसान होईल, हे ठरल्याशिवाय हप्ता ठरत नाही. म्हणूनच जनावरांचा विमा सुरू झाला तो घोडे आणि गुरे यांच्यापासून. कुत्र्याचा नंबर मागाहून लागला. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा पहिला विमा उतरविला गेला असे सांगतात. आपल्या देशात १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांच्याबरोबर कुत्र्याचाही विमा त्यांच्याकडे होऊ लागला, पण तो मुख्यतः मरणाचा विमा होता. कुत्र्याच्या औषधपाण्याचा खर्च देणाऱ्या पॉलिसी शहरांतून दिसू लागल्या त्या २०२० नंतर, खाजगी कंपन्यांच्या. मांजरांचा विमा त्याच्याही मागून आला, आणि तो अजून थोड्याच कंपन्या करतात.

तेव्हा कुत्र्याचा विमा म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एक प्रकार मरणाचा : कुत्रा रोगाने किंवा अपघाताने मेला तर ठरलेली रक्कम मिळते. दुसरा प्रकार उपचाराचा : कुत्रा आजारी पडला, त्याला दवाखान्यात ठेवावे लागले, शस्त्रक्रिया झाली, तर खर्चाचा काही भाग मिळतो. नावे दोन्हींची सारखीच भासतात, आणि घाईत सही करणारा फसतो तो येथेच.

समजा, एका पॉलिसीचा वार्षिक हप्ता १,२०० रुपये आहे आणि ती फक्त मरणाची असून रक्कम १५,००० रुपये आहे. दुसरीचा हप्ता २,००० रुपये. ती उपचाराचे वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत देते, पण प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा मालकाने सोसावयाचा. आता कुत्र्याला पार्व्हो झाला. चार दिवस सलाईन लावावी लागली, बिल ९,००० रुपये झाले आणि कुत्रा वाचला. पहिली पॉलिसी एक पैसाही देणार नाही, कारण कुत्रा जिवंत आहे. दुसरी ७,२०० रुपये देईल. उलट, कुत्रा हमरस्त्यावर ट्रकखाली जागीच गेला तर पहिली रक्कम देईल आणि दुसरी हात वर करील. स्वस्त कोणती हे नुसता हप्ता पाहून सांगता येत नाही. कुत्र्याचे कोणते संकट आपल्या खिशाला झेपणार नाही, ते आधी ठरवावे आणि मग पॉलिसी पाहावी. (ही रक्कम आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतली आहे, खरे दर कंपनीगणिक, जातीगणिक आणि वयागणिक बदलतात.)

ज्यांची मुले शहरात आहेत आणि ज्यांना अशी पॉलिसी घ्यावयाची आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, जाहिरातीचे पान बाजूला ठेवून "काय मिळणार नाही" हे पान आधी वाचावे. पॉलिसी घेण्यापूर्वीचा आजार त्यात धरीत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस आजारपणासाठी मोकळे ठेवलेले असतात. त्या दिवसांत कुत्रा आजारी पडला तर दावा चालत नाही. लसीने टळणारा रोग लस न टोचल्यामुळे झाला तर पैसे मिळत नाहीत. वयाची अट असते, आणि म्हातारा कुत्रा नव्याने घ्यायला कंपन्या राजी नसतात. पिल्ले होण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी वेगळा हप्ता भरल्याशिवाय मिळत नाही. शिवाय कुत्रा हाच तो, हे ओळखावयाचे कसे? त्यासाठी कातडीखाली बसविलेली चिप किंवा खुणा दिसतील असे फोटो मागतात.

एक कलम मात्र आमच्या मते खेड्यातल्या माणसानेही समजून घ्यावे. आपला कुत्रा दुसऱ्याला चावला तर त्याची भरपाई देणारे ते कलम. आपल्याकडे कुत्रा चावला की भांडण होते, चार माणसे मध्ये पडतात आणि मिटते. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा दंड भरीत नाही आणि तुरुंगातही जात नाही. घर पायवाटेला लागून असेल तर दिवसा कुत्रा बांधून ठेवणे हेच बरे.

आता मोत्याकडे येऊ. काही कंपन्या गावठी कुत्राही घेतात, त्यामुळे "होतच नाही" असे आम्ही आजींना सांगितले नाही. पण मोत्या कोणी विकत घेतलेला नाही; तो शेजारच्या वाडीतून पिल्लू म्हणून आला. बाजारात त्याला किंमत नाही, तेव्हा मरणाच्या विम्यात त्याची रक्कम नगण्य ठरणार. उपचाराचा विमा घ्यावा तर बिल देणारा खाजगी पशुवैद्य तालुक्याच्या गावी, आणि रात्री मोत्या आजारी पडला तर तेथवर नेणार कोण? हप्ता दरवर्षी जाईल आणि दावा करण्याची वेळ क्वचित येईल. मांजराचेही तसेच. मांजर आपल्या घरातले भात आणि शेंगा उंदरांपासून राखते, उंदीर कमी झाले म्हणजे उंदरांच्या मुतामुळे पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाचे भयही कमी होते. पण त्या कामाची किंमत पॉलिसीत लिहिता येत नाही.

म्हणून आम्ही आजींना म्हटले, "मोत्याचा विमा दवाखान्यात मिळतो." पिसाळ रोगाची लस हाच तो विमा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. मांजरालाही टोचावी. सरकारी गुरांच्या दवाखान्यात त्यासाठी शिबिरे होतात, विशेषतः २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास.

या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. कुत्रा किंवा मांजर चावले, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. त्यावर चुना, हळद, मिरची, तेल काही लावू नये. झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि सांगितलेल्या तारखांना राहिलेले डोसही घ्यावेत. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत टोचावयाचे वेगळे औषध लागते. ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. मुले ओरखडा घरी सांगत नाहीत, मार बसेल म्हणून लपवितात. त्यांना मारू नका, विचारा.

आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ च्या सुमारास गावोगाव, वाड्यावाड्यांतून जाळ्या घेऊन फिरणाऱ्या पथकांनी मोकाट आणि पाळीव कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्याचे काम हाती घेतले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटू लागते, हे त्यामागचे गणित. कुत्र्यांमधला रोग तेथे फारच खाली आला आणि २०२१ साली राज्य सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. आमच्या वाडीत दहा कुत्रे असतील. त्यातल्या सातांना लस टोचणे काही डोंगर उचलण्यासारखे नाही.

एवढे बोलणे झाल्यावर आम्ही आजींना विचारले, "आणि म्हशीचा विमा आहे का?" आजी म्हणाल्या, "म्हशीचा कशाला? ती धडधाकट आहे." आमच्या लोकांचे हे नेहमीचेच. ज्या जनावरावर घराचे मीठमिरची, मुलांच्या फिया आणि सोसायटीचा हप्ता चालतो, त्याचा विमा नाही. आणि धडधाकट जनावराचाच विमा होतो, आजारी जनावराचा होत नाही, हे कोणी त्यांना सांगितलेले नाही. देवावर भरवसा असताना विमा कशाला, असेही कोणी म्हणतात. योसेफाने मिसरात सात वर्षांचे धान्य साठविले तेव्हा त्याचा भरवसा कमी झाला नव्हता.

म्हशीच्या विम्यात साधारणपणे रोग आणि अपघात यांनी आलेले मरण धरतात. आग, वीज, पूर, सर्पदंश त्यातच येतात. थोडा जादा हप्ता भरला तर कायमचे निकामी होणेही धरतात, म्हणजे दुभते जनावर पुन्हा गाभण राहण्यास किंवा दूध देण्यास कायमचे असमर्थ ठरणे, किंवा बैल कामाला निरुपयोगी होणे. त्यात बहुधा पूर्ण रक्कम मिळत नाही, तीन-चतुर्थांश मिळते. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांतल्या रोगाला पैसे नाहीत. चोरी, परस्पर विक्री, हयगय, अडाणी इलाज यांनाही नाहीत. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लशी वेळेवर टोचलेल्या असाव्या लागतात. २०२२ साली लम्पीने आपल्या भागातली गुरे नेली तेव्हा विमा काढायला धावलेल्यांना हे पंधरा दिवसांचे कलम फार उशिरा कळले.

पण सर्वांत मोठी गोष्ट कानातला बिल्ला. ती आम्ही स्वतःच्या घरी शिकलो. आमच्या दुसऱ्या वेताच्या म्हशीचा बिल्ला कुंपणात अडकून तुटला. धाकट्याने तो शोधून आणला आणि आम्ही तो हरवू नये म्हणून आल्तारच्या खणात जपून ठेवला. दीड महिन्याने म्हैस बांधावर साप चावून मेली. डॉक्टरांचा दाखला होता, शवविच्छेदन झाले, पंचनामा झाला. कंपनीच्या माणसासमोर आम्ही खणातला बिल्ला ठेवला. तो म्हणाला, "हा कानात पाहिजे होता. ही तीच म्हैस कशावरून?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. दावा फेटाळला गेला. राग आला, पण पॉलिसीच्या कागदावर तसे छापलेलेच होते. आम्ही वाचले नव्हते. बिल्ला पडला की त्याच दिवशी डॉक्टरांना आणि कंपनीला लेखी कळवून नवा मारून घ्यावा आणि नवा बारा आकडी नंबर पॉलिसीवर चढवून घ्यावा, इतके साधे काम होते.

जनावर दगावले तर पुरण्याची घाई करू नये. प्रथम कंपनीला कळवावे, गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे (१९६२ या क्रमांकावर फिरते पथक मिळते), कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढावा. डॉक्टरांना फाशी रोगाचा संशय आला तर जनावर फाडू नये, ते सांगतील तसेच करावे.

खर्चाचे म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानातला विमा सोपा केला. शेतकऱ्याने हप्त्याचे शंभरातले पंधरा रुपये भरावयाचे, उरलेले केंद्र आणि राज्य मिळून भरतात. समजा म्हशीची किंमत ७०,००० रुपये आणि दर शेकडा चार धरला, तर हप्ता २,८०० रुपये. त्यातले आपले ४२० रुपये. दहा मोठ्या जनावरांपर्यंत ही सवलत आहे, आणि दहा शेळ्यामेंढ्या म्हणजे एक मोठे जनावर असे मोजतात. मात्र तालुक्याच्या वाट्याचा निधी संपला की त्या वर्षापुरते दार बंद होते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच चौकशी करावी. किंमत ठरविताना ती वाढवून लिहिण्याचा मोह काहींना होतो. तो हप्ता फुकट जातो, कारण भरपाई देताना बाजारभाव पाहतात. कमी लिहूनही आपलेच नुकसान.

आजींनी पुढच्याच सोमवारी मोत्याला दोरी बांधून दवाखान्यात नेले. वाटेत त्याने दोनदा दोरी चावली, पण लस टोचून झाली. त्याचे कार्ड आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. म्हशीचा अर्ज अजून भरलेला नाही; किंमत किती लिहावी यावरून घरात आजी आणि सून यांचे एकमत व्हायचे आहे, आणि डॉक्टर गुरुवारी येणार आहेत.