फायबरचं हूड, मडगार्ड पांढरं पडलंय? नवीन घ्यायच्या आधी एवढं वाचा

या आठवड्यात पिकाचा सल्ला नाही. कारखाने बंद झालेत, ट्रॅक्टर दारात उभे आहेत आणि ग्रुपवर एकसारखेच फोटो येतायत. डोक्यावरचं फायबरचं हूड लालचं गुलाबी झालंय, हात लावला की पांढरी भुकटी. पलूसकडच्या एका सभासदांनी तर गावच्या पुराच्या बोटीचा ट्रेलर दाखवला, त्याचीही मडगार्ड तशीच. प्रश्न सगळ्यांचा एकच, बदलायचं का?

बहुतेक वेळा गरज नसते. फायबरवर सगळ्यात वर रंगाचा थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हानं त्याचा अगदी वरचा पापुद्रा मरतो आणि भुकटी होते. खाली रंग शाबूत असतो.

*आधी वस्तू फायबरचीच आहे का बघा.* ट्रॅक्टरची मडगार्ड बहुतेक पत्र्याची असतात, लोहचुंबक लावा, चिकटलं तर पत्रा. फायबरला आतल्या बाजूनं काचेचे धागे दिसतात. ब्लोअरची, एचटीपीची टाकी बहुतेक प्लॅस्टिकची असते, तिच्यावर खालचा प्रयोग करू नका.

*मग पाणी मारा.* ओलं असताना मूळ रंग उठून दिसला तर काम होणार. बाहेरच्या बाजूनंही धागे दिसायला लागले असतील तर जेलकोट संपला, घासून उपयोग नाही.

काम सावलीत करायचं. साबणानं धुऊन तेल, ग्रीस सगळं काढा. मग वॉटर पेपर ८०० नंबर, बादलीत भिजवून, हलक्या हातानं. नंतर १०००, १५००, शेवटी २०००. आधीच्या पेपरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही, इथंच सगळे घाई करतात. रंगीत पाणी निघेल, घाबरू नका. पण कडा आणि कोपऱ्यावर थर पातळ असतो, तिथं दोन-चार हातच. घरच्या हूडवर मी पहिल्यांदा ग्राइंडरला चकती लावून बसलो होतो. दहा मिनिटात कोपऱ्याचे धागे बाहेर. वडील अजून पाहुण्यांना तो कोपरा दाखवतात.

कोरडं घासू नका. काचेची बारीक धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते. ओलं असलं तरी मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच.

घासून झालं की वस्तू मॅट दिसेल. आता रबिंग कंपाउंड, एका वेळी दोन फूट जागा, सुती कापडानं गोल गोल. चकाकी आली की पुसून वॅक्सचे दोन हात. वॅक्स सोडलं तर सहा महिन्यात परत भुकटी, म्हणून दिवाळीत एकदा आणि मे महिन्यात एकदा परत लावा. काहीजण जळकं ऑइल किंवा डिझेल पुसतात. चार दिवस चकचकीत दिसतं, नंतर त्यावर सगळी धूळ बसते आणि पुढं रंगही धरत नाही.

धागे उघडे पडले असतील तर रेझिन-मॅटचा थर देऊन वर प्रायमर आणि पीयू रंग. हे जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. घरी करायचंच असेल तर एक किलो रेझिनला हार्डनर १० ते २० मिली, आणि *हार्डनर व कोबाल्ट थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होतो.* कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. डोळ्याला चष्मा लावा. हार्डनर डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता बोटीबद्दल. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर आपल्या भागानं बघितलेत. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. त्यामुळं बोटीच्या तळाचं काम वरच्या पद्धतीनं करू नका. मडगार्ड घासा, पॉलिश करा, हरकत नाही. तळाला मात्र स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. कुठं भद्द वाजलं, भेग दिसली, नटाभोवती तडे असले तर पॉलिश बाजूला ठेवा, ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि बोट दुरुस्त करणाऱ्याकडूनच काम करून घ्या. ट्रेलर वर्षभर एका जागी उभा असतो, टायरला चिरा पडतात, बेअरिंग धरतात. चाक उचलून हातानं फिरवा, ग्रीस भरा, हवा बघा. पाणी गावात शिरल्यावर बोट धक्क्यापर्यंत न्यायला तोच ट्रेलर लागणार आहे. लाइफ जॅकेट मोजा, पट्टे ओढून बघा, उन्हानं कुजलेला पट्टा हातात तुटतो.

हे सगळं मे अखेरच्या आत उरका. शंका असेल तर फोटो पाठवा, पण दोन पाठवा: बाहेरून पाणी मारलेला आणि आतल्या बाजूचा. नुसत्या लांबून काढलेल्या फोटोवरून मला काही सांगता येत नाही.

— कृषी सल्लागार, आपली कंपनी