एवढ्याशा कुटाने काय होतंय?

खरं सांगू का गं, लेकाचे ओठ सुजले त्या दिवसापासून तुला धड जेवण नाही की झोप नाही, हे तुझ्या आवाजावरूनच कळतंय. घाबरून तू शेंगदाणा बंद केलास, मग दूध, मग अंडं, आता कोळंबीही. मग पोराने खायचं तरी काय? आधी शांत बस. सगळं बंद करायची गरज नाही. नेमकं काय बाधतं आणि कसं बाधतं, तेवढं वेगळं काढायचंय.

दूध प्यायल्यावर पोट फुगलं, गुडगुडलं, जुलाब झाले, तर बहुतेक वेळा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसते. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. अशा माणसाला वाटीभर ताक बहुधा सोसतं, कारण विरजणाने त्यातली थोडी साखर आधीच संपवलेली असते. अ‍ॅलर्जीचं तसं नाही बघ. तिथे शरीर त्या पदार्थातल्या प्रथिनावरच तुटून पडतं, आणि चिमूटभरही पुरते. बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला कुणी ‘शेळीचं दूध दे’ म्हणालं, तर मुळीच ऐकू नकोस. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यासारखीच असतात.

मासळीचं मात्र नीट ऐक. कोळंबी सोसत नसेल, तर जवळा, सोडे, खेकडा, शेवंड यांच्याही वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. पापलेट-सुरमईची गोष्ट निराळी, ती आपोआप बंद होत नाही. आणि बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, अंग खाजतं, थेट अ‍ॅलर्जीसारखंच. पंगतीतल्या दोघा-तिघांना एकदम झालं, तर आधी मासा शिळा होता का ते बघ.

‘रक्त द्या, दोनशे पदार्थांचा तक्ता घ्या’ अशा जाहिरातींना भुलू नकोस गं. त्या आयजीजी चाचण्यांवरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. पोराने काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने काय झालं, हे वहीत लिही आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. लालबागहून परळ ते किती लांब? मुलांसाठी वाडिया रुग्णालय आहे, मोठ्यांसाठी केईएम आहे. गव्हाची शंका असेल तर तपासणीआधी पोळी बंद करू नकोस, नाहीतर सीलिअ‍ॅकची, म्हणजे ग्लूटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराची, रक्तचाचणी चुकते.

तुझ्याकडे शेंगदाणाच निघाला, तर खरं काम स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीत, उपासाच्या आमटीत, कुठे नसतं? मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून बघ, खाली पिठूळ थर सापडेल. त्याच्यासाठी भांडं, चमचा, कढई वेगळी ठेव, तळणीचं तेलसुद्धा. साबुदाण्याच्या खिचडीत कुटाऐवजी ओलं खोबरं घाल, छान लागते. लालबागच्या चिवडा गल्लीतला सुटा चिवडा त्याच्यासाठी नको. एकच पळी सगळ्या डब्यांत फिरते. पाकिटावर शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा, सोया आणि ग्लूटेनची धान्यं सांगणं 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे, पण तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. म्हणून घटकांची ओळ पूर्ण वाचायची. हिंगाच्या डबीवरचीसुद्धा, त्यात बरेचदा गव्हाचं पीठ असतं.

आता गणपती येतील. दहा दिवस आरती, दहा दिवस खिरापत. शेजारच्या काकू प्रेमाने म्हणणारच, ‘अगं, प्रसाद आहे, एवढ्याशा कुटाने काय होतंय?’ संकोचू नकोस. प्रसाद हातात घे, कपाळाला लाव आणि सांग, ‘काकू, ह्याला दाण्याने श्वास कोंडतो, खडीसाखर असेल तर द्या.’ मजल्यावरच्या प्रत्येक घरी हे एकदा स्पष्ट सांगून ये. शाळेत बाईंनाही लेखी दे. लोक मुद्दाम देत नाहीत, त्यांना ठाऊक नसतं.

आणि हे तोंडपाठ कर. श्वासाला घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या, पोर एकदम मलूल होणं, यातलं काही दिसलं तर सेटिरिझिन देऊन वाट बघत बसायचं नाही. त्याने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तुमच्या घरी ते ठेवायचं का, किती आणि कसं टोचायचं, हे डॉक्टरांकडून हाताने शिकून घे. 108 ला फोन कर. पोराला आडवं ठेव, पाय उंच कर, दम लागत असेल तर बसू दे. चाळीचा जिना त्याला चालत उतरवू नकोस, उचलून न्या. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, लक्षणं परत उलटू शकतात.

धाकटी सहा महिन्यांची होतेय ना? तिच्यापासून शेंगदाणा भीतीने वर्षानुवर्षं लांब ठेवू नकोस. लंडनमध्ये इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 640 बाळांवर अभ्यास झाला, 2015 साली छापून आला. शेंगदाणा टाळलेल्या बाळांपैकी पाच वर्षांची होईतो शंभरात 17 जणांना त्याची अ‍ॅलर्जी झाली, लवकर खायला लागलेल्यांत जेमतेम 3 जणांना. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. मऊ कूट पातळ पेजेत कालवून द्यायचं असतं, पण भावाला अ‍ॅलर्जी आहे, तर पहिला चमचा डॉक्टरांना विचारूनच दे. याच आठवड्यात वेळ घे.