जुना कूलर घेताना

पोरी, वर्ध्यात खोली केलीस म्हणजे एप्रिल उजाडायच्या आत कूलर लागणारच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि नवतपा लागला की रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. नवा घेणं झेपत नसेल तर जुना घे, त्यात कमीपणा काही नाही. आर्वीत मोटरी भरण्यात माझा जन्म गेला, म्हणून अधिकारानं सांगतो. एवढी एकच खूणगाठ बांध: टबात पाणी भरून अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय जुन्या कूलरचे पैसे द्यायचे नाहीत.

मार्चमध्ये शोधायला निघालीस तर विकणारा सांगेल तो भाव द्यावा लागतो. मृग लागून दोन पाऊस पडले की तोच कूलर जागा अडवायला लागतो आणि भाव उतरतो. सावंगी आणि सेवाग्रामची मेडिकल कॉलेजं, हिंदी विद्यापीठ इथली मुलं शिक्षण संपवून गावी जाताना सामान काढतात. पुलगावात लष्करी डेपोच्या लोकांच्या बदल्या होतात. अशा घरी चौकशी कर. वापरणारा माणूस समोर असतो, कूलर किती वर्षं चालला ते विचारता येतं. पण पावसाळ्यात घेतलास तर वारा गार लागला नाही म्हणून कूलर नापास करू नको. हवाच दमट असली की पाणी कमी उडतं आणि गारवा येत नाही. तेव्हा गारव्यापेक्षा यंत्र तपास.

सुरुवात खालून कर. पत्र्याचा कूलर आधी टबाच्या कोपऱ्यात सडतो. बाहेरून ताजा रंग दिसला तर जास्त सावध हो. आत बॅटरी मारून बघ, कोपरे आणि नळीची जागा अंगठ्यानं दाबून बघ. पत्रा दबला किंवा पापुद्रा निघाला तर टब गेला समज. एम-सीलचे गोळे किंवा डांबराची ताजी ठिगळं दिसली तर गळती कुठून होती ते विचार. मग कोरडा पेपर खाली अंथरून टब काठोकाठ भरायला लाव. अर्ध्या तासानं पेपर ओला झालेला दिसला तर तो कूलर सोड.

तो अर्धा तास जाईपर्यंत वायर बघ, पण प्लग काढलेला असताना. प्लग तीन पिनांचाच हवा. वरची जाड पिन तोडून दोन पिनांवर चालवलेला कूलर असेल तर आधी वायर बदलून घ्यायची, मगच पुढची गोष्ट. हिरवी वायर आत पत्र्याला स्क्रूनं घट्ट कसलेली आहे का ते उघडून बघ. पुष्कळदा ती कापून गुंडाळून ठेवलेली असते. पंपाच्या वायरला टेपचे जोड असतील आणि ते पाण्याजवळ लोंबत असतील तर तेही नको. आता पंखा आणि पंप दोन्ही चालू करायला लाव आणि रंग खरवडलेल्या जागी पत्र्याला टेस्टर लाव. हात लावायचा नाही, आधी टेस्टर. दिवा नुसता मिणमिणला तरी कूलर दुरुस्त झाल्याशिवाय घरी आणायचा नाही. 230 व्होल्ट आणि पाणी एका पत्र्याच्या डब्यात असतात. आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून उन्हाळ्यात माणसं, लेकरं जातात ती याच चुकांनी.

मग मोटर. बंद असताना पातं हातात धरून वर-खाली हलव. खडखड लागली तर बुश झिजले आहेत. चालू केल्यावर नुसती गुणगुणते आणि काडीनं ढकलल्यावर फिरते, अशी मोटर बहुधा कपॅसिटर मागते. तो स्वस्त असतो, त्यासाठी कूलर सोडू नको. पण जळका वास आला, किंवा अर्ध्या तासानं बंद करून प्लग काढल्यावरही मोटरवर हात ठेववत नसेल, तर ती भरून घ्यावी लागेल असं धर. आधी भरलेली असेल तर तांब्याची तार घातली की अ‍ॅल्युमिनियमची, तेही विचार.

पंपाला तिन्ही ताट्यांवर सारखं पाणी सोडता आलं पाहिजे. एक ताटी कोरडी राहिली तर नळीची भोकं बोअरच्या पाण्याच्या क्षारानं बुजलेली असतात, सुईनं मोकळी होतात. ताट्या पांढऱ्या, कडक झाल्या असतील तर नव्या घालायच्याच. त्या दरवर्षी बदलाव्या लागतात, म्हणून ताट्यांवरून भांडायचं नाही.

भाव करताना आवाज चढवू नको. ताट्या, पंप, कपॅसिटर, वायर यांतलं काय बदलायचं ते कागदावर मांड, मेकॅनिककडून आकडे घे आणि ते नव्या कूलरच्या निम्म्या किमतीतून वजा कर. उरेल तो तुझा भाव. पैसे दिल्यावर नाव, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घे.

घरी आणल्या आणल्या टब ब्रशनं आणि साबणानं घासून काढ. डेंगूच्या डासाची अंडी टबाच्या कडेला कोरडी चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. पुढंही आठवड्यातून एकदा टब रिकामा करून घासायचा. कूलर खिडकीत लाव आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेव. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली चिकचिकते आणि कूलर वाईट ठरतो.

खोलीत अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घे. घरमालकाला सांगून शॉक लागताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला लाव, तो नाही म्हणाला तर स्वतःच्या पैशानं बसव. कूलरच्या भावात घासाघीस कर, यात करू नको. आणि पाणी भरायचं, ताटी सरकवायची, जाळी पुसायची, काहीही असो, आधी बटन बंद, मग प्लग बाहेर, मग हात. पाहुणे येतील, लेकरं येतील, त्यांनाही हेच सांगत जा.