मोहर कोणाच्या हातीं?

संगणकावर बँकेचें पान उघडलें असतां तें खरोखर त्या बँकेचेंच आहे, हें आपणांस कोण सांगतें? हें काम प्रमाणपत्र देणारी संस्था करिते. पूर्वीं मोहर उमटलेला कागद खरा मानीत. त्याचप्रमाणें या संस्थेनें आपल्या गुप्त किल्लीनें ज्याची ओळख पटविली, त्यावर आपला संगणक विश्वास ठेवितो.

परंतु मोहर कितीही चोख असली, तरी ती उमटविण्याचा अधिकार कोणास आहे, हाच खरा प्रश्न होय. हॉलंडांतील डिजिनोटार संस्थेचें उदाहरण पाहा. २०११ सालीं एका परक्यानें तिच्या संगणकांत शिरून व्यवस्थापकाचे अधिकार बळकाविले व किमान ५३१ खोटीं प्रमाणपत्रें काढिलीं. त्यांतील गूगलच्या नांवाचें प्रमाणपत्र सुमारें ३ लाख संगणक-पत्त्यांवर फसवणुकीस कामीं आलें. ते पत्ते बहुतेक इराणांतील होते. लोकांचीं खाजगी पत्रें परक्यांच्या दृष्टीस पडण्याचा धोका उद्भवला. संस्थेच्या नोंदवह्या त्याच संगणकांवर असल्यामुळें त्यांतही ढवळाढवळ झाली. सप्टेंबरांत संस्थेचें दिवाळें वाजलें.

यावर उपाय काय? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरवर चालणाऱ्या प्रमाणपत्र-सेवेंत मुख्य अधिकार चार आहेत: वाचणें, प्रमाणपत्र मागणें, प्रमाणपत्रें देणें व सांभाळणें, आणि सर्व कारभार पाहणें. शेवटला सर्वांत भारी. कारण तो ज्याचे हातीं, तो इतरांसही अधिकार वांटूं शकतो. या अधिकारांत फेरफार झाला, कीं ४८८२ क्रमांकाची नोंद होते. मात्र ती आपोआप होत नाहीं. सेवेच्या मांडणींत व संगणकाच्या तपासणी-धोरणांत, अशी दोन्हीकडे तशी आज्ञा द्यावी लागते. एक राहिली तर वही कोरीच! आणि कोणत्या गोष्टी नोंदवावयाच्या ही निवडच कोणी बदलली, तर ४८८५ क्रमांकाची नोंद उमटते. तिच्याकडेही डोळेझांक करूं नये.

तपासनीसानें प्रत्येक नोंदीस तीन प्रश्न विचारावे: फेरफार कोणीं केला? केव्हां केला? त्यास लेखी मंजुरी होती काय? शिवाय नोंदींची प्रत दुसऱ्या संगणकावर, निराळ्या माणसाच्या ताब्यांत असावी.

आपल्या शाळेंतही फी घेणारा एक व हिशेब तपासणारा दुसरा असतो. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. उलट प्रामाणिक मनुष्याचें त्यांत रक्षणच आहे. सारांश, ज्याचे हातीं मोहर, त्याचेच हातीं नोंदवही नसावी.