सत्तरचा पुडा आणि हातात उरलेली पानं

बेटा, अभ्यासिकेतून आलीस की रोज तेच म्हणतेस, "आबाजी, गणित येते मले, पण ते डेटा सफिशियन्सीवालं बाकीचं गणित फसवते." फसवणारच. तू ते सोडवत बसतेस, आणि तिथं सोडवायला कुणी सांगितलेलंच नसतं. दिलेली माहिती पुरते का, एवढंच विचारलेलं असतं.

मी हे तेंदूपत्त्यावर शिकलो. आपल्याकडे ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची गोणी. देवरीवरून हायवेनं पुढं निघून छत्तीसगडची हद्द ओलांडली की पुडा ५० पानांचा. मे महिन्यात अंगणात ढीग पडायचा, माझी आई पुडे बांधायची, आणि शेवटी हातात पुडा होणार नाही एवढी पानं उरायची. ती बाकी.

समज, सत्तरचे पुडे बांधून ४३ पानं उरली. एकूण पानं किती? ४३ असतील, ११३ असतील, १८३ असतील. (४३ विसरू नको. एकही पुडा झाला नाही तरी बाकी ही बाकीच असते, आणि पोरं नेमका तोच आकडा सोडतात.) आता हाच ढीग दहा-दहाने मोजला तर किती उरतील? तीनच. ढीग केवढाही असो, सत्तरचा प्रत्येक पुडा दहानं पुरा भागला जातो, त्यामुळं फक्त ४३ कडे पाहायचं. सातनं भागलं तर एक उरेल, चौदानं भागलं तर पुन्हा एक. पण पलीकडच्या हिशेबानं पन्नासचे पुडे बांधले तर? ४३ पानांचे ४३ उरतात, ११३ चे १३. दोन ढीग, दोन उत्तरं. माहिती अपुरी, विषय संपला.

हाच माझा कानमंत्र समज. प्रश्नासोबत माहिती म्हणून दिलेलं विधान खरं ठरवणारे दोन आकडे घे, होता होईल तो लहान. दोघांची उत्तरं वेगळी आली की ते विधान पुरत नाही. सारखी आली तर मात्र लगेच 'पुरेसे' लिहू नको. दोन आकडे जुळणं हा योगायोगही असतो. सारखी का आली ते सापडलं पाहिजे, आणि कारण बहुतेक वेळा भाजकातच असतं: विचारलेला भाजक दिलेल्या भाजकाला पुरा भागतो का?

विधानं दोन असली की पहिल्यावर चक्क हात ठेवून दुसरं वाच. हसू नको. पहिल्यातला ४३ डोक्यात राहतो आणि दुसरं विधान एकटंच पुरेसं वाटायला लागतं.

दोन्ही एकत्र लावायची वेळ आली तर गुणाकार करू नको, लसावि काढ. सातनं भागून १ उरतो, दहानं भागून ३ उरतात, सत्तरची बाकी विचारली आहे. ७ आणि १० चा लसावि ७०, पुरेसं. ती बाकी ४३ आहे हे काढत बसलीस तर वेळ वाया गेला. पण चारनं भागून ३ आणि सहानं भागून ५ उरतात, आणि २४ ची बाकी विचारली, तर चार सक चोवीस म्हणून उडी मारशील. लसावि १२ आहे. ११ आणि २३, दोन्ही आकडे चालतात आणि दोघांची बाकी वेगळी. अपुरं.

अजून एक. 'संख्येला सातनं भाग जातो का?' असं विचारलं आणि उत्तर ठामपणे 'नाही' आलं, तर माहिती पुरली. 'नाही' म्हणजे 'पुरत नाही' नव्हे. इथं हुशार पोरंही पडतात.

बाक्यांवरून संख्या शोधायचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. आर्यभटानं ४९९ मध्ये त्याची रीत दिली, भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'तही ती आहे. नाव कुट्टक, म्हणजे कुटून कुटून बारीक करणं. रीत सुंदर आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये धान कुटायला बसू नको. भात पुरेल का, एवढंच पाहा.

असली गणितं सीसॅटच्या पेपरात येतात. यूपीएससीनं तो २०११ ला पूर्वपरीक्षेत आणला आणि २०१५ पासून पात्रतेपुरता केला. त्यात २०० पैकी ६६ गुण लागतात, आणि चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश जातो. एवढ्यासाठी पाच-पाच मिनिटं घालवणारे पाहिले की जीव तुटतो.

आता हे घे. एका ढिगात पंधरानं भागून ८ पानं उरतात, दहानं भागून ३ उरतात. सत्तरनं भागून किती उरतील? जेवणं झाल्यावर सांग. पानं किती ते नको, माहिती पुरते की नाही तेवढंच.